गिटार आणि कॉम्प्युटर एकाच हेडफोनमध्ये: प्रकल्पाच्या नोंदी

१६ नोव्हेंबर, रविवार

आधी काय हवंय ते. रात्री दहानंतर इलेक्ट्रिक गिटार हेडफोनवर वाजवायची आणि त्याच हेडफोनमध्ये कॉम्प्युटरवरचा बॅकिंग ट्रॅक (साथीला लावायचं गाणं) ऐकू आला पाहिजे. शिवाय रविवारी सकाळच्या ऑनलाइन क्लासला सरांपर्यंत गिटार स्वच्छ पोचली पाहिजे. घर इंदिरानगरात, इमारत जुनी, आणि भिंतीपलीकडच्या आजी नऊला झोपतात. त्यामुळे स्पीकरवर वाजवायचा प्रश्नच नाही.

हाताशी असलेलं सामान: सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारांची थरथर टिपणारा भाग, इथे एकाच गुंडाळीचा) गिटार, १५ वॅटचा प्रॅक्टिस अॅम्प, मित्राकडून घेतलेलं जुनं मल्टी-इफेक्ट पेडल (याला बाहेरचं गाणं आत घ्यायची सोय नाही), विंडोजचा डेस्कटॉप, वायरवाले हेडफोन. ब्लूटूथ हेडफोन पहिल्या फटक्यात बाद. तार छेडल्यावर शंभर-दोनशे मिलिसेकंदांनी सूर कानात येतो, त्यात ताल धरणं अशक्य.

सुरुवात सगळ्यात स्वस्त मार्गाने. अॅम्पला ऑक्स इन (बाहेरचा आवाज आत घ्यायचा जॅक) आहे, तिथे कॉम्प्युटरमधून ३.५ मिमीची केबल जोडली. खर्च १५० रुपये. ट्रॅक वाजतो, पण गोणपाटाआडून आल्यासारखा. गिटार अॅम्पचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही देतच नाही. गिटारला ते शोभतं, पण गाण्यातले हायहॅट आणि गायकाचे स-श-च त्यात गडप होतात. अॅम्पच्या हेडफोन जॅकवर थोडं बरं आहे, पण तिथे दुसरीच कटकट: घुंsss असा अखंड हम. गिटारची केबल काढली तरी हम तसाच. ऑक्सची केबल काढली की एकदम शांत. म्हणजे हम कॉम्प्युटरकडून येतोय. कारण अजून हाती लागलेलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

"सरळ माइकच्या जॅकमध्ये घाल की," असं ऑफिसात एकाने सुचवलं. मोठ्या जॅकचा छोटा करणारा कन्व्हर्टर ४० रुपयांचा, म्हणून करून पाहिलं.

आवाज मेलेला. गिटारच्या पिकअपला पुढे साधारण दहा लाख ओमचा, म्हणजे एक मेगओमचा इनपुट लागतो. कॉम्प्युटरचा माइक जॅक जेमतेम काही हजार ओमचा असतो, वर छोट्या माइकसाठी तो स्वतःच दोन-तीन व्होल्ट बाहेर देत असतो. पिकअपवर एवढा भार पडला की वरचे सूर आधी जातात. जोरात स्ट्रम केलं की फाटतं, हळू वाजवलं की ऐकू येत नाही. हा रस्ता बंद.

२२ नोव्हेंबर, शनिवार

एम.जी. रोडवरून गिटारची यूएसबी लिंक केबल आणली, ७५० रुपये. एका टोकाला गिटारचा जॅक, दुसऱ्या टोकाला यूएसबी. कॉम्प्युटरवर अॅम्पची नक्कल करणारं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. आवाज खरंच छान आला! पण उशिरा आला.

उशिराचं गणित सोपं आहे. कॉम्प्युटर आवाज तुकड्यातुकड्यांनी घेतो. ४४,१०० च्या सँपल रेटला (म्हणजे सेकंदाला आवाजाची ४४,१०० मोजमापं) ५१२ सँपलचा बफर, म्हणजे एका वेळचा तुकडा, ११.६ मिलिसेकंदांचा. तेवढाच वेळ आत येताना आणि तेवढाच बाहेर जाताना, शिवाय यूएसबी आणि ड्रायव्हर आपला हिस्सा घेतात तो वेगळा. १२८ सँपल ठेवले तर एका बाजूचे २.९ मिलिसेकंद होतात, पण माझ्या मशीनवर तिथे आवाज तडतडायला लागला. २५६ वर तडतड थांबली, मात्र बोटं आणि कान यांच्यात फट राहिलीच. तुलनेसाठी: आवाज हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. अॅम्पपासून तीन मीटरवर उभं राहून वाजवलं की नऊ मिलिसेकंद तसेही जातातच, आणि ते कुणाला टोचत नाहीत. म्हणजे दहाच्या आत असेल तर चालतं. माझं वीसच्या पुढे जात होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

उशीर कमी करायला सगळ्या साउंड कार्डांवर चालणारा फुकट एएसआयओ ड्रायव्हर (प्रोग्रॅमला साउंड कार्डाशी थेट जोडणारा दुवा) टाकला. उशीर खरंच कमी झाला. मग ब्राउझरमध्ये बॅकिंग ट्रॅक लावला तर तो मुका. गिटारचं सॉफ्टवेअर बंद केलं की ट्रॅक वाजतो, सुरू केलं की गप्प.

अर्धा दिवस सेटिंगं उलटीपालटी करण्यात गेला. दुखणं असं: हा ड्रायव्हर विंडोजच्या नेहमीच्या मिक्सरला बाजूला सारून साउंड कार्ड एकट्याच्या ताब्यात घेतो. उशीर कमी होतो तो त्यामुळेच, आणि बाकीच्या प्रोग्रॅमांना दार बंद होतं तेही त्यामुळेच. ट्रॅक डाउनलोड करून गिटारच्याच सॉफ्टवेअरमध्ये वाजवता येतो. पण सर क्लासमध्ये ऐन वेळी लिंक पाठवतात, तेव्हा काय करायचं?

योग्य उपाय म्हणजे बऱ्यापैकी ऑडिओ इंटरफेस (गिटार किंवा माइक कॉम्प्युटरला जोडायचा बाहेरचा डबा) घ्यायचा. त्याला गिटारसाठी वेगळा इनपुट असतो, कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असतो, आणि विंडोजमध्ये व सॉफ्टवेअरमध्ये सँपल रेट एकच ठेवला (दोन्हीकडे ४८,००० किंवा दोन्हीकडे ४४,१००) तर ब्राउझर आणि गिटार सहसा सुखाने नांदतात. रेकॉर्डिंग करायचं असेल तर तोच घ्या, पुढचं वाचत बसू नका.

मला रेकॉर्डिंग करायचं नाही. रात्री अकराला जो अर्धा तास मिळतो तो अपडेट आणि ड्रायव्हरच्या भरवशावर मला ठेवायचा नाही. कॉम्प्युटर बंद असतानाही गिटार वाजली पाहिजे. म्हणून ठरवलं: दोन्ही आवाज कॉम्प्युटरच्या आत एकत्र करायचेच नाहीत. गिटारला आवाज द्यायचं काम पेडलचं, ट्रॅक वाजवायचं काम कॉम्प्युटरचं, आणि दोघांची गाठ पडणार ती बाहेर, एका छोट्या अॅनालॉग मिक्सरवर. पेडलच्या आतला उशीर इतका किरकोळ आहे की जाणवत नाही.

गिटार थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला मात्र लावू नका. तो इनपुट पंधरा-वीस हजार ओमचा असतो, म्हणजे माइक जॅकचीच थोडी बरी आवृत्ती. मध्ये पेडल हवंच. आणि पैसे वाचवायला पेडल व कॉम्प्युटर दोन्ही एका वाय केबलने हेडफोनला जोडायची कल्पना कुणी देईल, तीही नको. दोन आउटपुट एकमेकांनाच ढकलत बसतात, आवाज दोघांचाही पडतो.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मिक्सर आला. पाच इनपुटांचा, तळहाताहून थोडा मोठा, ४,२०० रुपये. एक माइक-लाइन चॅनल, दोन स्टिरिओ जोड्या, हेडफोनचा वेगळा जॅक आणि त्याला वेगळं बटण.

घरात एका टोकाला छोटा स्टिरिओ जॅक आणि दुसऱ्या टोकाला मोठा स्टिरिओ जॅक अशी केबल होती. ती कॉम्प्युटरमधून मिक्सरच्या पहिल्या चॅनलला लावली आणि ओळखीचं गाणं वाजवलं. ढोलकी दूरवर, व्हायोलिनं दोन्ही कानांत लख्ख, आणि गायिका गायब! ती गातेय हे फक्त मागच्या घुमणाऱ्या रिव्हर्बवरून कळत होतं. दुसरं गाणं लावलं, त्यातही गायक गायब आणि बेस गिटारही नाही.

आधी वाटलं मिक्सरच खराब आला. परत पाठवायचा अर्जही भरायला घेतला होता. मग मिक्सरवरचं छापील वाक्य नीट वाचलं: पहिल्या चॅनलचा लाइन इनपुट बॅलन्स्ड आहे. अशा इनपुटला तीन पट्ट्यांच्या जॅकच्या टोकावरचा आणि मधल्या पट्टीवरचा आवाज यांची वजाबाकी करायची असते. एकाच आवाजाची सुलट आणि उलट प्रत तिथे येणार असं तो धरून चालतो. मी तिथे गाण्याची डावी आणि उजवी बाजू दिली होती. गायक आणि बेस दोन्ही बाजूंना सारखेच मिसळलेले असतात, म्हणून वजाबाकीत ते शून्य झाले. उरलं ते फक्त दोन्ही बाजूंना वेगवेगळं असलेलं.

कराओके करायला झकास युक्ती आहे. मला मात्र छोट्या स्टिरिओ जॅकमधून दोन मोठे मोनो जॅक निघणारी केबल हवी होती. ती २८० रुपयांना मिळाली. दोन्ही जॅक स्टिरिओ जोडीच्या डाव्या-उजव्या इनपुटला लावले आणि गायिका परत आली. पेडलचा डावा-मोनो आउटपुट पहिल्या चॅनलला. तिथे साधा दोन पट्ट्यांचा गिटारचाच जॅक चालतो.

पहिल्यांदाच दोन्ही आवाज एकत्र, बिनउशिराचे. आणि त्यांच्या खाली तोच घुंsss, आता हेडफोनमध्ये आणखी ठळक.

३० नोव्हेंबर, रविवार

आज फक्त हम. एकेक केबल काढून पाहणं, एवढीच पद्धत. पेडल एकटं: शांत. मिक्सर एकटा: शांत. कॉम्प्युटरची केबल मिक्सरला टेकली की हम. कॉम्प्युटर बंद आहे पण प्लग लावलेला आणि स्विच चालू, तरी हम! प्लग उपटला की शांत.

मग एक गोष्ट ध्यानात आली जी वर्षभर अंगवळणी पडली होती. कॅबिनेटच्या मागच्या पत्र्यावरून बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली की झिणझिण्या येतात. पत्रा खरखरीत असल्यासारखा वाटतो. स्विच बंद केला की तोच पत्रा गुळगुळीत. थंडीतला कोरडेपणा म्हणून मी सोडून देत होतो.

इंटरनेटवर यावर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे अर्थिंगची पिन काढून टाका, किंवा तीन पिनांचे दोन करणारा सॉकेट लावा. हे करू नका. हम कधीकधी खरंच जातो, म्हणून तर हा सल्ला टिकून आहे. पण गिटारच्या तारा ब्रिजमधून (तारा टेकतात तो धातूचा भाग) केबलच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. दोन्ही हात त्या तारांवर असतात. १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वॉन्झीला स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवर विजेचा धक्का बसून दगावला. हम आणि धक्का यांतून एक निवडायचं असेल तर हम निवडा.

३ डिसेंबर, बुधवार

वायरमन आले. सोसायटीतले सगळे त्यांना अण्णा म्हणतात. झिणझिण्यांचं सांगितल्यावर त्यांनी कॅबिनेटकडे पाहिलंही नाही, थेट सॉकेटचा बोर्ड उघडला.

"दादा, भोकं तीन हायेत, वायरी दोनच."

खरंच. फेज लाल, न्यूट्रल काळी, आणि वरच्या जाड पिनेच्या पितळी पट्टीला काहीच नाही. स्क्रूवर रंगाचा थेंब वाळलेला, म्हणजे तो स्क्रू कधी फिरवलेलाच नव्हता. टेस्ट लॅम्प फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला तर लख्ख, फेज आणि अर्थ पिनेत धरला तर अंधार. गीझरच्या सॉकेटला मात्र अर्थिंग होती. तिथून एक लांब वायर आणून त्यांनी मल्टिमीटर लावला: कॅबिनेटच्या पत्र्यावर १०७ व्होल्ट.

हा आकडा आभाळातून पडत नाही. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये आवाजाची घाण गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्यापर्यंत, एक न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा करंट जमिनीत जातो. नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध तरंगतो, २३० च्या निम्म्यावर. करंट अगदी थोडा असतो, म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण जमिनीत जायला रस्ता नाही म्हटल्यावर तो ऑडिओ केबलच्या जाळीतून मिक्सरकडे, पेडलकडे आणि तारांवरून माझ्याकडे जायला बघतो. हेडफोनमध्ये ऐकू येत होता तो हाच, ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींसकट.

बोर्डापासून मेन बोर्डापर्यंत हिरवी वायर ओढायची ठरली. जुना पाइप गच्च भरलेला, म्हणून वायर दाराच्या चौकटीवरून केसिंग पट्टीतून न्यावी लागली. त्यातच दुपार गेली. अण्णांच्या आग्रहावरून मेन बोर्डात ३० मिलिअँपची आरसीसीबीही (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) बसवली. वायर, पट्टी, आरसीसीबी आणि मजुरी मिळून ३,४५० रुपये. संध्याकाळी गीझर लावताच आरसीसीबी पडली. गीझरच्या एलिमेंटमधून करंट गळत होता, ते बदलायला आणखी ६०० गेले. गिटारच्या हिशेबात ते धरत नाही, पण कळलं ते बरं झालं.

पत्रा आता गुळगुळीत लागतो. हम नव्वद टक्के गेला.

७ डिसेंबर, रविवार

उरलेले दहा टक्के. आता हम नाही, पण माउस हलवला की बारीक चिरचिर. पान वर-खाली सरकवलं की तिचा सूर बदलतो. हे कॉम्प्युटरच्या आतलं.

कारण निघालं पुढच्या पॅनेलचा जॅक. तो मदरबोर्डापासून एका लांब, पातळ वायरीने जोडलेला असतो आणि ती वायर ग्राफिक्स कार्डाच्या अंगाखांद्यावरून जाते. केबल मागच्या हिरव्या जॅकला लावली, चिरचिर निम्म्याहून कमी झाली. उरलेलीसाठी ग्राउंड लूप आयसोलेटर, ३५० रुपयांचा. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, आवाज पलीकडे जातो, ग्राउंडची तार जात नाही. एकदम शांतता.

त्याची किंमत आवाजात मोजावी लागते. कॉम्प्युटरचा व्हॉल्यूम शंभरवर ठेवला की बेस भसाडा होतो, इतका लहान ट्रान्सफॉर्मर मोठा बेस पेलत नाही. सत्तरच्या आसपास ठेवून मिक्सरवर वाढवलं की ठीक. अर्थिंग करायच्या आधी मी हाच लावला असता तर हम बराचसा झाकला गेला असता, आणि १०७ व्होल्ट तसेच राहिले असते. आयसोलेटर शेवटी लावा.

१३ डिसेंबर, शनिवार

गिटारचा स्वतःचा हम. सिंगल कॉइल म्हणजे अँटेनाच. मॉनिटरकडे तोंड करून बसलं की गुर्र, खुर्ची काटकोनात फिरवली की गप्प. टेबलाखालच्या एलईडी पट्टीचा अडॅप्टर सगळ्यात मोठा गुन्हेगार, तो काढून टाकला. गिटारचा पिकअप निवडायचा स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी ठेवला तरी हम कमी होतो, कारण तिथे दोन पिकअप एकत्र चालतात आणि माझ्या गिटारचा मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आहे, त्यामुळे दोघांचे हम एकमेकांना मारतात. पंखा सध्या बंद असतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर काय दिवे लावतो ते उन्हाळ्यात कळेल.

२१ डिसेंबर, रविवार

क्लास. मिक्सरचा मुख्य आउटपुट कॉम्प्युटरला परत जोडला तर सरांना त्यांचाच आवाज परत ऐकू जातो, कारण कॉम्प्युटरचा आवाज मिक्सरमध्ये असतोच. मागच्या रविवारी तेच झालं, अर्धा क्लास "ऐकू येतंय का?" मध्ये संपला. या मिक्सरला वेगळी वाट काढून द्यायला ऑक्स सेंड नाही.

उपाय पेडलवरच होता. त्याला डावा आणि उजवा असे दोन आउटपुट आहेत. डावा मिक्सरला, उजवा कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या लाइन इनला, मध्ये दुसरा आयसोलेटर. सरांकडे फक्त गिटार जाते. स्टिरिओ इफेक्ट मात्र बंद ठेवावे लागतात, नाहीतर पिंगपाँग डिलेची (डावीकडे-उजवीकडे आलटून पालटून येणारा प्रतिध्वनी) एक टप्पी मला आणि एक सरांना. बोलण्यासाठी वेबकॅमचा माइक वापरावा म्हटलं, पण मीटिंगच्या अॅपमध्ये एका वेळी एकच माइक निवडता येतो. सध्या बोलताना माइक बदलतो. वैताग आहे, पण चालतंय.

आणखी एक: मीटिंगची अॅपं लांबलेला सूर म्हणजे पंख्याचा आवाज समजून कापतात. सर म्हणाले, "तुझा बेंड अर्ध्यात मरतोय." बेंड म्हणजे तार ओढून चढवलेला सूर. झूममध्ये यासाठी 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' हा पर्याय आहे. तो सुरू केल्यावर बेंड शेवटपर्यंत गेला.

४ जानेवारी, रविवार

हिशेब. कामी आलेलं: मिक्सर ४,२००, केबल २८०, दोन आयसोलेटर ७००, अर्थिंग आणि आरसीसीबी ३,४५०. एकूण ८,६३०. वाया गेलेलं: ऑक्स केबल, कन्व्हर्टर आणि यूएसबी लिंक मिळून ९४०. अर्थिंग घरात आधीच असती तर काम पाच-सव्वापाच हजारांत झालं असतं. म्हणून काहीही विकत घ्यायच्या आधी वायरमनला बोलावून सॉकेट तपासून घ्या, बोर्ड स्वतः उघडू नका.

मिक्सरच्या बटणांवर व्हाइटनरचे ठिपके दिले आहेत: ट्रॅक दहावर, गिटार एकवर, हेडफोन अकरावर. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. चालू करताना आधी पेडल, मग मिक्सर, हेडफोन सगळ्यात शेवटी कानाला. उलटं केलं तर पेडल चालू होताना कानात फाट्कन आवाज बसतो. पेडलचा अडॅप्टर अजून थोडा शिट्टी मारतो, बॅटरीवर मारत नाही. बॅटऱ्या महाग पडतात, त्यामुळे चांगला अडॅप्टर शोधतोय.